झाकणाच्या आतल्या बाजूला

घमापूर, जबलपूर
७ नोव्हेंबर १९४३

चि. श्रीरंग यास,
शैलाताईचे अनेक आशीर्वाद, आणि त्याहून थोडा जास्त राग. वि. वि.

तुझं पत्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोचलं, म्हणजे ओवाळणी बुडवलीस ती बुडवलीसच. तुमच्या छावणीतल्या साहेबाने दोन ओळींवर काळी शाई फासली आहे. तिथे माझ्या चकल्यांची चेष्टा केली असशील तर बरंच झालं. यंदा चकल्या खरोखर बिघडल्या. तेल मिळेना म्हणून तळल्या कमी आणि भाजल्या जास्त. अंबादासकाकांनी चार खाल्ल्या, पाचवी खिशात घातली. ती त्यांच्या बकरीला दिली असं नंतर कळलं. इतकी वर्षं आपल्या सुतारकामाच्या शेडचे मिस्त्री आहेत, पण खोटं कसं बोलावं ते अजून शिकले नाहीत.

शेडची बातमी विचारली आहेस. दुकानांची कपाटं करणं आता बंदच झालं समज. काच कलकत्त्याहून येत नाही, मंडल्याचा साग परवान्याशिवाय हलत नाही, आणि नवं दुकान थाटायला कोणाकडे मालच नाही. शेवटचं काम सदर बाजारातल्या चपलांच्या दुकानाचं झालं, तेही जुन्या फळ्या उतरवून पुन्हा बसवल्या एवढंच. गणपतीपासून आपण पेट्या करून राहिलो. रांझीपलीकडच्या कारखान्याला बंदुकीच्या गोळ्या भरून पाठवायला पेट्या लागतात, तो ठेका बापूंनी घेतला. सलईच्या फळ्या, दोन्ही बाजूंना दोरीच्या कड्या, वर स्क्रूचं झाकण. एक पेटी दुसरीसारखी आणि दुसरी तिसरीसारखी. ज्या माणसाने प्रत्येक दुकानदाराला उभं करून, त्याच्या कोपराची उंची बघून काउंटर केले, तो आता सकाळपासून सारखे खोके ठोकतो, आणि एकदाही कुरकुर करत नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे ओसरीत मोठ्याने वाचलं. बापू समोर खिळ्यांचा डबा घेऊन निवडत बसले होते. मान वर केली नाही. वाचून झालं तशी डब्याचं झाकण लावून उठून गेले.

आता रागाचं. ह्या महिन्यात त्या गोष्टीला वर्ष होईल. मी त्या दिवशी शाळेत मुलींना भूगोल शिकवत होते, त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते अंबादासकाकांकडून. लॉर्डगंजातल्या शालिग्रामजी अत्तरवाल्यांचं कपाट तू एकट्याने केलंस, तुझं पहिलं. ते कोनाड्यात बसेना, चार बोटं लांब झालं. बापूंनी चारचौघांत तुला सुनावलं की मापाच्या काठीवरच्या खाचा ज्याला वाचता येत नाहीत त्याने फळ्या वाहाव्यात. कपाट उलटं करायला लावलं, आणि तळाशी तू पेन्सिलीने लिहिलेलं नाव सगळ्यांदेखत रंध्याने काढून टाकलं. इथपर्यंत बाजारालाही ठाऊक आहे. मला कळत नाही ते पुढचं. तू काहून गप्प बसलास? भाजीत मीठ कमी पडलं तर माझ्याशी अर्धा तास भांडणारा तू, तिथे तोंडातून शब्द काढला नाहीस, आणि आठव्या दिवशी भरतीच्या कचेरीत जाऊन उभा राहिलास. चुकलं असेल तर चुकलं म्हणायचं होतंस. नसेल तर तसं सांगायचं होतंस.

मोठी बहीण म्हणून सांगते, दोन ओळी त्यांना लिही. लहानाने वाकायला काही लागत नाही. आई असती तर तिने तुम्हा दोघांना एका ताटात जेवायला बसवलं असतं. मला ते जमत नाही.

थंडी पडली असेल, छाती सांभाळ. बापूंनी आशीर्वाद सांगितले आहेत. माझ्यावरचा लोभ चकल्यांसारखा मोडू देऊ नकोस.

तुझी,
शैलाताई


छावणीतून (गावाचं नाव लिहायची मनाई)
१२ डिसेंबर १९४३

ती. शैलाताईस,
श्रीरंगचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार, वि. वि.

शाई फासलेल्या ओळींत चकल्या नव्हत्या, एका नदीचं नाव होतं. ती नदी आपल्या नर्मदेच्या निम्मीसुद्धा नाही, पण संध्याकाळी तिच्याकडे बघितलं की ग्वारीघाट आठवतो, म्हणून लिहिलं. साहेबाला वाटलं असेल मी शत्रूला वाट सांगून राहिलो.

मला इथे काय काम दिलं ते ऐक. मोटारींच्या सुट्या भागांचं मोठं कोठार आहे, त्यात मांडण्या करायच्या. फळ्यांवर फळ्या, कप्प्यांवर कप्पे, प्रत्येकावर नंबर. म्हणजे दुकानच की, फक्त गिऱ्हाईक नाही आणि गल्ला नाही. माप पोलादी टेपने घेतात. बापूंसारखं एका दुकानाला एक काठी, तिच्यावर त्या दुकानाची लांबी, रुंदी, कोनाडा सगळं खाचा पाडून, टोकाला दुकानदाराचं नाव, असं इथल्या लोकांना सांगितलं तर हसतात. मीही हसतो आणि टेप सोडतो.

ताई, तू विचारलंस मी गप्प का बसलो. ते मी सांगणार नाही. सांगण्यासारखं असतं तर तिथेच सांगितलं असतं. पण नावाचं सांगतो. आपल्या शेडचा रिवाज तुला ठाऊक आहे, जो कपाट करेल त्याने तळफळीच्या खालच्या अंगाला आपलं नाव, तारीख आणि त्या दुकानाच्या भल्याची एक ओळ लिहायची. कोणाला दिसत नाही, पण असते. मी चौदा वर्षांचा असल्यापासून दुसऱ्यांच्या नावांच्या फळ्या उचलल्या. शालिग्रामजींच्या कपाटाखाली पहिल्यांदा माझं नाव लिहिलं तेव्हा पेन्सिलीला तीनदा टोक काढलं. ते नाव बापूंनी रंध्याने काढलं. लाकडाची सालपटं माझ्या पायावर पडली. म्हणून पहिलं पत्र मी लिहिणार नाही. ज्यांनी नाव पुसलं त्यांनी एकदा तरी ते आपल्या हाताने लिहावं. पाकिटावर लिहिलं तरी चालेल, आत काही नसलं तरी चालेल. मला एवढंच पाहिजे आणि त्याच्याशिवाय मला घरी येता येणार नाही.

तू दर पत्राखाली बापूंचे आशीर्वाद लिहितेस. ते त्यांनी सांगितलेले नसतात हे मला कळतं. बापू सांगते तर ‘आशीर्वाद’ एवढ्यावर थांबले नसते, स्वेटर घालतो का तेही विचारलं असतं. तरी तू लिहीत जा. ते वाचल्याशिवाय मी पत्राची घडी करत नाही.

तुझ्या लग्नाचं काय चाललं आहे? की सगळी स्थळं भूगोलात नापास करून राहिलीस? अंबादासकाकांना आणि त्यांच्या बकरीला माझा नमस्कार. धाकट्याची आठवण कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
श्रीरंग


घमापूर, जबलपूर
२० फेब्रुवारी १९४४

चि. श्रीरंग यास,
शैलाताईचे आशीर्वाद, राग निम्म्यावर आला आहे. वि. वि.

तुझं पत्र वाचताना नावाचा परिच्छेद मी गाळला आणि सरळ बकरीवर आले. बापूंनी बहुतेक ओळखलं. खिळे निवडताना त्यांचा हात थांबला होता. नंतर दोन दिवस ते माझ्याशी पाण्यापुरतं बोलले.

स्थळांचं विचारू नकोस. एक आलं होतं, मुलगा कटनीला वकील. त्याच्या आईने मला विचारलं की लग्नानंतर नोकरी सोडशील ना. मी म्हटलं वकिलांना विचारून सांगते, कारण कोर्टात ते म्हणे असंच उत्तर देतात. ते लोक चहा पिऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत.

शेडमध्ये एक नवीनच चाललं आहे. पेट्यांची झाकणं आता बापू दुसऱ्या कोणाला लावू देत नाहीत. मागच्या दाराशी, उजेडात, एकटे पाट टाकून बसतात. बाजू आणि तळ बाकीच्यांनी ठोकायचे, झाकण बापूंनी बसवायचं. त्यामुळे काम मागे पडतं. अंबादासकाका मला म्हणाले की बापू कोणाचं ऐकून नाही राहिले, तू सांगून बघ. मी सांगितलं. त्यांनी मलाच विचारलं की ह्या पेट्या भरल्यावर कुठे जातात, पूर्वेकडच्या गाडीने जातात का, आणि छावणीत पेटी उघडताना झाकण उलटं करून ठेवतात की सुलटं. मला काय ठाऊक? मी म्हटलं श्रीरंगाला विचारा, तो तिकडेच आहे. त्यावर त्यांनी पुढचं झाकण ओढून घेतलं.

वयही दिसायला लागलं आहे. परवा आमटीच्या भांड्याशेजारी हात टेकायला गेले तो थेट कढत भांड्यावरच टेकला. फळी हातात घेतली की आधी वास घेतात, मग अंगठा फिरवतात. साठी आली म्हणजे माणूस असं करत असेल. पण घरात मी एकटी बघणारी, मला भीती वाटते. तू असतास तर तुझ्याशी भांडून तरी मन मोकळं केलं असतं. तुझी जागा ओसरीत तशीच आहे, कोणी बसत नाही, आणि कोणी तसं म्हणतही नाही.

बापूंनी आशीर्वाद सांगितले आहेत आणि स्वेटर घालतोस का विचारलं आहे. (हे मीच लिहिलं आहे, तू ओळखशीलच.) पत्राला उशीर करून ताईचा जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी,
शैलाताई


छावणीतून
९ एप्रिल १९४४

ती. शैलाताईस,
श्रीरंगचा नमस्कार, वि. वि.

घाईत लिहितो आहे. इकडे परिस्थिती बदलली आहे, तू वर्तमानपत्रात वाचत असशील. मी ठीक आहे. कोठार दोनदा हलवलं, माझ्या मांडण्या मागे राहिल्या. झोप कमी, बाकी तक्रार नाही.

मला तुझ्याकडून तीन गोष्टी पाहिजेत, आणि का ते विचारू नकोस. बापू स्क्रूच्या खाचेत पेचकस पहिल्या झटक्यात बसवतात का ते बघ. पायरी उतरताना भिंतीला हात लावतात का ते बघ. आणि भिंतीवरच्या खुंट्यांवरून काठ्या हल्ली कोण उतरवतं ते अंबादासकाकांना विचार. त्यांना सांग की काठी देताना टोकावरचं नाव आपण स्वतः मोठ्याने वाचायचं, बापूंना कळेल असं काही न बोलता.

पेट्या झाकण सुलटं ठेवूनच उघडतात. उलटं करायला इथे कोणाला वेळ नाही. पण बापूंनी ते का विचारलं?

तुझ्या हातची आमटी आठवते. कढत भांड्याचं वाचून बरं वाटलं नाही. माया अशीच असू दे.

श्रीरंग


घमापूर, जबलपूर
१८ जून १९४४

चि. श्रीरंग यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

दोन महिने तुझं पत्र नाही. रोज शाळेतून येताना पोस्टमनचा चेहरा आधी बघते. हे पत्र तुला मिळेल असं धरूनच लिहिते आहे, आणि हे बसून वाच.

गेल्या सोमवारी कारखान्याचा ट्रक आला आणि ऐंशी पेट्या शेडसमोर उतरवून गेला. सगळ्या नापास. सोबत इंग्रजीत चिठ्ठी, ती बापूंनी मला वाचायला दिली. झाकणांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने अनोळखी भाषेत मजकूर आढळला, तो संशयास्पद आहे, खुलासा करावा. लढाईचे दिवस, गोळ्यांच्या पेट्या आणि आत लपवलेला मजकूर, ह्यात माणसाला तुरुंगात नेऊन बसवायला किती वेळ लागतो?

ट्रकबरोबर तिथले एक मराठी कारकून आले होते, चंद्रशेखर म्हणून. तपासणाऱ्या साहेबाने मजकूर वाचायला त्यांनाच बोलावलं होतं. त्यांनी दहा-बारा झाकणं वाचली आणि साहेबाला सांगितलं की ह्या सुतारांत माल बाहेर पडताना भल्याची ओळ लिहायचा रिवाज आहे, बाकी काही नाही. साहेबाने मानलं. पुन्हा लिहायचं नाही आणि आहे तेवढं रंधा मारून साफ करून द्यायचं, एवढ्यावर भागलं. हे सांगताना त्यांनी बापूंकडे बघितलं नाही. जाताना मला म्हणाले की रंधा मारायच्या आधी तुम्ही एकदा वाचून घ्या.

मी आणि अंबादासकाकांनी ऐंशीच्या ऐंशी झाकणं खोलली. अक्षर बापूंचं, पण ओळी उतारावरून घसरल्यासारख्या, एका अक्षरावर दुसरं चढलेलं. प्रत्येक झाकणावर एकच ओळ. श्रीरंगा, ते सगळं तुला लिहिलेलं आहे. मी उतरवून घेतलं. पेट्या ज्या क्रमाने ट्रकातून निघाल्या त्याच क्रमाने देते, मागचंपुढचं तू लाव. सगळ्या ऐंशी ह्या पत्रात मावत नाहीत, बाकीच्या वहीत आहेत.

श्रीरंगा, ही पेटी तुझ्या हातात आली तर झाकण सांभाळून ठेव.
आज सलई ओली आली. तू असतास तर परत पाठवली असतीस.
तुझी सायकल अंबादास चालवतो. ब्रेक लावत नाही.
शैला पत्र वाचते तेव्हा मी खिळे निवडतो. खिळे सगळे एकाच मापाचे आहेत.
काठी शालिग्रामची नव्हती.
दिवाळीच्या सफेदीला काठ्या उतरवल्या, परत लावताना खुंट्या बदलल्या. मी सवयीने तिसऱ्या खुंटीवरची काढून तुला दिली.
टोकावरचं नाव मला दिसलं नाही. दोन वर्षं झाली, धूर झाल्यासारखं दिसतं. कोणाला सांगितलं नाही.
कपाटाचे सांधे मी बघितले होते. केस जायला जागा नव्हती.
तू गेलास त्या दिवशी काठीवर अंगठा फिरवला, तेव्हा कळलं. गाडी सुटायला तास होता. मी स्टेशनवर आलो नाही.
श्रीरंग. (नुसतं नाव. असं बावीस झाकणांवर आहे.)

वाचून झाल्यावर मी बापूंसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं की हे मला का सांगितलं नाही, मी कागदावर लिहिलं असतं. ते म्हणाले की मुलाची माफी मागायला मुलीचा हात कसा वापरू. आणि पत्र टाकलं असतं तर तू फाडलं असतंस, पेटी कोणी फाडत नाही. मग म्हणाले की फेब्रुवारीपासून सहाशेवर गेल्या आहेत, एखादी तरी पोचली असेल. मला तेव्हा रडू आवरलं नाही, आणि तुला सांगायला लाज वाटत नाही, बापूंनाही आवरलं नाही.

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं तुला मिळाली. तू ते प्रश्न का विचारलेस हे मला आता भीत भीत कळायला लागलं आहे. उद्या ह्या झाकणांवर रंधा मारायचा आहे. अंबादासकाका मारतो म्हणाले, बापू नको म्हणाले, मीच मारतो. रंधा मारायला त्यांना दिसावं लागत नाही.

कसाही अस, दोन शब्द पाठव. आम्हा दोघांवर दया असू दे.

तुझी,
शैलाताई


छावणीतून
२ ऑगस्ट १९४४

ती. शैलाताईस,
श्रीरंगचा नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप आहे, आधी ते. रस्ता बंद होता म्हणून टपाल अडलं. तुझं जूनचं पत्र परवा मिळालं. कोठारामागे जाऊन वाचलं. त्यानंतर दोन दिवस मी जी पेटी दिसेल तिचं झाकण उलटं करून बघतो आहे. रिकाम्या पेट्यांचा मोठा ढीग आहे, चहा करायला त्याच जाळतात. हवालदाराने विचारलं काय हरवलं, मी म्हटलं घरचं सामान. शंभरावर बघितली. कुठे देवदार, कुठे चीड, सलईच्या अकरा निघाल्या, त्यांवर काही नव्हतं. किती जळल्या असतील कोण जाणे. तरी रोज बघतो.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मी शालिग्रामजींच्या दुकानात उभा होतो, काठी माझ्या हातात होती, आणि कपाट बसेना तेव्हा मी तिच्या टोकावरचं नाव वाचलं. शेडमध्ये वाचलं नव्हतं, बापूंनी दिलेली काठी कोण तपासतो? नाव वेगळ्याच दुकानाचं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बापूंकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावर होती, चेहऱ्यावर नव्हती. त्याआधी महिनाभर मी त्यांना खाचा अंगठ्याने चाचपताना बघत होतो. सगळं एकदम कळलं. दुकानात सहा-सात माणसं होती, सगळी बाजारातली. नीलकंठरावांना दिसत नाही हे त्या दिवशी कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आपल्याला कपाट कोणी सांगितलं नसतं. म्हणून काठी मागे धरली आणि गप्प बसलो.

मला वाटलं घरी गेल्यावर त्यांना कळेल आणि ते बोलवतील. पण त्यांनी तिथेच रंधा मागवला. ताई, मी फार मोठेपणा केला असं समजू नकोस. मी त्यांची लाज झाकली आणि त्यांनी माझंच नाव काढलं, ह्याचा राग मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपलो. सांगून टाकायचं नाही आणि विसरायचंही नाही. त्या रागापायी तुम्हा दोघांनाच त्या घरात ठेवलं. बावीस झाकणांवर माझं नाव आहे हे वाचलं आणि माझ्याजवळ रागावायला काही उरलं नाही. मला घरी यायचं आहे.

हे पत्र बापूंना पूर्ण वाचून दाखव, काही गाळू नकोस. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने, आणि ते नाही म्हणाले तर माझं नाव सांग. दसऱ्याच्या पुढे महिन्याची रजा मिळेल असं साहेब म्हणतात.

त्या चंद्रशेखररावांना माझा नमस्कार सांग. साहेबासमोर असं खोटं बोलणारा माणूस भूगोलात पास करायला हरकत नाही. मी येईपर्यंत दोघांनी एकमेकांना धरून राहा, आणि मला मनातून काढू नका.

तुझा,
श्रीरंग


घमापूर, जबलपूर
१० सप्टेंबर १९४४

चि. श्रीरंग यास,
नीलकंठचे आशीर्वाद. हे मी स्वतः सांगितलेले आहेत.

कागदावर लिहायची सवय नाही. फळीवर चुकलं तर रंधा मारता येतो. इथे चुकलं तर तसंच राहील. ओळी वाकड्या गेल्या तर शैलाला हसू नकोस, ती बाजूला बसलेली नाही. पाकिटावरचं नावही मीच लिहिलं.

तुझं पत्र तिने वाचलं. पुन्हा वाचायला सांगितलं. डबा घेतला नव्हता.

तुला काठी कळली होती हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होतो की मी एकट्यानेच ते झाकून ठेवलं आहे. तू पंचवीस वर्षांचा पोरगा माझी लाज हातात धरून उभा होतास आणि मी तुझी घालवली. बापाला हे लिहायला जड जातं. लिहिलं.

मंगळवारी लॉर्डगंजात गेलो. अंबादास बरोबर होता. शालिग्रामच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, चार-पाच माणसं तरी असावीत, आवाजावरून. त्यांच्यासमोर सांगितलं की चूक माझी होती, मुलाची नव्हती, त्या वेळीही मला दिसत नव्हतं आणि आता तर दिसतच नाही. शालिग्राम म्हणाला बैठिए भाऊसाहेब. खुर्ची दिली, चहा मागवला. आता बाजारभर झालं असेल. लढाई संपल्यावर कपाटं कोणी सांगेल न सांगेल. ते तुझ्यावर आहे, तुला करायचं असेल तर.

डॉक्टरकडे जाऊन आलो. मोतीबिंदू आहे, थंडीत काढू म्हणाले. दिसेल असं म्हणतात. नाही दिसलं तरी हात आहेत.

शैलासाठी ते कारकून दोनदा आले. मला म्हणाले पेट्यांचं काम होतं. पेट्यांचं काम नव्हतं.

थंडी सुरू होईल. स्वेटर घालतोस का. छाती तुझी लहानपणापासून अशीच.

रजा मिळाली की तार कर. मी स्टेशनवर येईन. शैला नको म्हणते, गर्दीत धक्का लागेल म्हणते. मागच्या वेळी आलो नव्हतो, ह्या वेळी येणार. पुलाच्या पायऱ्यांपाशी उभा राहीन. गाडीतून सगळे खाकीतच उतरतात, मला तुझा चेहरा ओळखता येणार नाही. तू मला ओळख, आणि जवळ ये.

वडिलांनी मुलाकडे लोभ मागायचा रिवाज नाही. मी मागतो.

नीलकंठ